२१ लाखांच्या देशात पंक बँड गाजला, मग १८ लाखांच्या खानदेशीला कशाची अडचण?

लग्नसराईत सटाण्यात 'बँड' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? हळदीची रात्र, स्पीकर लादलेली गाडी, बेंजो, ढोल-ताशे आणि पुढे फर्माईश करणारी पोरं. सुपारी ठरते, इसार दिला जातो आणि त्या सीझनला जी गाणी चालतायत ती वाजतात.

यात कमीपणा काहीच नाही. गाडीवरच्या वादकांचा हात तयार असतो, एकदा ऐकलेली चाल ते उचलतात. पण स्वतः रचलेलं, स्वतःच्या बोलीतलं, स्वतःच्या गावाबद्दलचं गाणं त्यांना किती वेळा वाजवायला मिळतं?

यावर ठरलेलं उत्तर असतं: "आपली भाषा छोटी, ऐकणार कोण?" हे उत्तर तपासून पाहायला हवं.

आकडे काय सांगतात?

२०११ च्या जनगणनेत 'खानदेशी' या नावाखाली सुमारे १८ लाख ६० हजार लोकांची नोंद आहे. त्यात सगळ्यात मोठा वाटा अहिराणीचा. धुळे, जळगाव, नंदुरबारसोबत नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण भागातही ती बोलली जाते आणि सटाणा हे त्याच बागलाण तालुक्याचं ठिकाण आहे.

आता युरोपातला स्लोव्हेनिया पाहू. या अख्ख्या देशाची लोकसंख्या आज सुमारे २१ लाख आहे, १९७७ मध्ये ती त्याहूनही कमी होती. म्हणजे स्लोव्हेनियन ही भाषा अहिराणीपेक्षा फार मोठी नाही. तरीही त्या वर्षी तिथे एक पंक बँड उभा राहिला आणि त्याची गाणी पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचली.

पंक म्हणजे काय आणि 'पांकर्ती' कोण?

पंक हा १९७० च्या दशकात अमेरिका आणि ब्रिटनमध्ये वर आलेला रॉक संगीताचा प्रकार. गाणी लहान, वेगवान आणि रागीट. वाद्यावर फार प्रभुत्व नसलं तरी चालतं, सांगण्यासारखं काहीतरी असावं लागतं.

स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना. तिथे १९७७ मध्ये गायक पेतर लोवशिन आणि गीतकार ग्रेगोर तोम्ट्स यांनी 'पांकर्ती' सुरू केला. या शब्दाचा अर्थ 'अनौरस'. त्यांचा पहिला कार्यक्रम त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एका शाळेच्या हॉलमध्ये झाला.

स्लोव्हेनिया तेव्हा युगोस्लाव्हियाचा भाग होता आणि तिथे एकाच पक्षाची, कम्युनिस्टांची सत्ता होती. अशा देशात तरुणांना येणारा कंटाळा आणि मोठ्यांचा दुटप्पीपणा, हेच पांकर्तीचे विषय होते. १९८० मधल्या त्यांच्या पहिल्या अल्बमचं नावच 'डोल्गत्साइट', म्हणजे 'कंटाळा'. इंग्रजीचा आधार न घेता त्यांनी गल्लीत बोलली जाणारी भाषा गाण्यात आणली.

१९८७ मध्ये बँड थांबला. पण २००७ मध्ये, स्थापनेच्या ३० वर्षांनंतर, हीच मंडळी ल्युब्लियानाच्या मोठ्या तिवोली सभागृहात पुन्हा वाजवायला उभी राहिली. १९८३ मध्ये सुरू झालेल्या 'निएत' या दुसऱ्या स्लोव्हेनियन पंक बँडनेही मोठ्या खंडानंतर २००८ मध्ये नव्या गायकासह पुनरागमन केलं.

टिकण्यामागचं कारण काय?

इथे तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या आणि तिन्ही गोष्टी बँडच्या बाहेरच्या होत्या.

पहिली, रेडिओ. ल्युब्लियानात 'रेडिओ श्टुडेंट' हे विद्यार्थ्यांचं केंद्र १९६९ पासून सुरू होतं. जे सरकारी रेडिओवर लागत नसे, ते इथे लागायचं.

दुसरी, संस्था. पांकर्तीची पहिली तबकडी १९७८ मध्ये निघाली, ती विद्यार्थ्यांच्या सांस्कृतिक केंद्रामार्फत. त्यानंतरचा अल्बम चक्क सरकारी रेडिओ-टीव्हीच्या कंपनीने काढला.

तिसरी, जागा. शाळेचा हॉल, विद्यार्थ्यांचा क्लब. भाडं परवडेल अशा या जागा होत्या.

सगळं सुरळीत होतं असंही नाही. १९८१ मध्ये वर्तमानपत्रांतून पंक तरुणांवर 'नाझी' असल्याचे आरोप झाले आणि पोलिसांची धरपकड सुरू झाली. पांकर्तीच्या वाटचालीत मोठा वाटा असलेले रेडिओ श्टुडेंटचे इगोर विदमार यांना तर नाझी पंकांचा निषेध करणारा बिल्ला लावल्यावरून तुरुंगात जावं लागलं. तरीही रेडिओ, संस्था आणि जागा टिकल्या, म्हणून गाणी टिकली.

मग महाराष्ट्रात काय घडलं?

महाराष्ट्रातला एक गाजलेला रॉक बँड म्हणजे मुंबईचा 'रॉक मशीन'. १९८४ मध्ये सुरू झालेल्या या बँडच्या संस्थापकांमध्ये गिटारवादक महेश तिनईकर होते, उदय बेनेगल पुढे गायक म्हणून आले. बहुतेक भारतीय रॉक बँड परदेशी गाणी वाजवत होते, त्या काळात यांनी स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, १९८८ मध्ये.

१९९३ मध्ये बँडने 'इंडस क्रीड' हे नाव घेतलं. १९९५ मध्ये त्या नावाचा अल्बम आला, १९९७ मध्ये बँड फुटला. २०१० मध्ये सदस्य पुन्हा एकत्र आले आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम निघाला. दोन अल्बममध्ये १७ वर्षांचं अंतर.

हे अंतर प्रतिभा आटल्यामुळे पडलं नाही. संगीत वाहिन्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांकडे वळल्या. २००१ पासून आलेल्या खासगी एफएमचा भरही सिनेसंगीतावरच राहिला. 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सवामुळे रॉकप्रेमींचं घर बनलेलं धोबी तलावचं रंगभवन शांतता क्षेत्राच्या नियमात अडकलं आणि तिथले दणदणीत कार्यक्रम बंद झाले. आणि हा बँड गात होता इंग्रजीत, त्यामुळे त्याचा श्रोता मोठ्या शहरांपुरताच राहिला.

म्हणजे मुंबईसारख्या शहरातही रेडिओ आणि जागा नसेल तर बँडला तग धरणं अवघड जातं.

मराठीत असा राग नव्हता का?

होता, आणि तोही नाशिक जिल्ह्यात. १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. त्याच सुमारास भीमराव कर्डक यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. ढोलकीच्या साथीने, लोकांच्या बोलीत जातिव्यवस्थेवर घाव घालणारी गाणी आणि वग गावोगाव होऊ लागले. पुढे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या वामनदादा कर्डक यांनी हीच परंपरा घराघरात पोहोचवली.

जलशाला रेडिओ मिळाला नव्हता. पण चळवळ होती, आणि चळवळीने त्याला प्रत्येक वस्तीत व्यासपीठ दिलं.

या वाटेवर धोकाही असतो. २००२ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या कबीर कला मंचच्या कलाकारांना माओवादी संबंधांच्या आरोपाखाली २०११ पासून वेळोवेळी अटक झाली. कलाकारांनी हे आरोप नाकारले आणि न्यायालयीन लढाईत अनेक वर्षं गेली.

यूट्यूबने प्रश्न सुटला का?

अर्धा सुटला. २०२३ मध्ये 'केसावर फुगे' हे अहिराणी गाणं राज्यभर वाजलं. ज्यांना अहिराणीचा एक शब्द कळत नव्हता त्यांनीही त्यावर रील केले. 'भाषा छोटी आहे' या तक्रारीला याहून चांगलं उत्तर नाही.

पण गाणं व्हायरल होणं वेगळं आणि बँड वर्षानुवर्षं टिकणं वेगळं. व्हायरल गाणं काही आठवडे चालतं. बँडला दर महिन्याला कुठेतरी वाजवायला मिळावं लागतं, चुकायला आणि सुधारायला वेळ लागतो, आणि कानाला सवय नसलेलं गाणंही थांबून ऐकणारे लोक लागतात.

लग्नाच्या बाजारात हे होत नाही. तिथे गिऱ्हाईक ओळखीचंच गाणं मागतं. त्यात कॉपीराइट कायद्यानुसार लग्न आणि वरातीत दुसऱ्याचं गाणं वाजवायला परवाना किंवा मानधन लागत नाही. सामान्य कुटुंबांसाठी ही सवलत योग्यच आहे. पण त्यामुळे एक गोष्ट घडते: हिट गाणं वाजवायला काही खर्च नाही, नवं गाणं बसवायला मात्र वेळ, पैसा आणि सुपारी गमावण्याची जोखीम.

सटाण्याने काय करावं?

ल्युब्लियानात जे होतं, त्यातलं बरंच काही तालुक्याच्या गावात उभं करता येतं.

रेडिओ: भारतात २००६ पासून शैक्षणिक संस्थांबरोबरच सामाजिक संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवता येतो. त्याचा पल्ला काही किलोमीटरच असतो, पण तालुक्याला तेवढा पुरतो.

जागा: कॉलेजांचे हॉल संध्याकाळी रिकामे असतात. स्नेहसंमेलनात सिनेमाच्या गाण्यांवर होणाऱ्या नाचांमध्ये एक तास स्वतःच्या गाण्यांसाठी राखून ठेवणं अवघड नाही.

वेळ: मैदानावरच्या कार्यक्रमात रात्री १० नंतर लाउडस्पीकर चालत नाही. काही ठरावीक दिवशीच मध्यरात्रीपर्यंत सूट मिळू शकते. त्यामुळे नव्या गाण्यांचा कार्यक्रम संध्याकाळी लवकर ठेवावा लागेल.

सटाणा ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, ते देव मामलेदार यशवंतराव महाराज. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना लोकांसाठी उघडला, असं सांगितलं जातं. दर मार्गशीर्षात त्यांची यात्रा भरते. त्या यात्रेत एक संध्याकाळ बागलाणातल्या पोरांच्या स्वतःच्या गाण्यांना दिली तर? कांद्याच्या भावावर, द्राक्षबागेवर पडलेल्या गारपिटीवर किंवा नुसत्या कंटाळ्यावरसुद्धा गाणं होऊ शकतं.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तो जुन्या ग्रंथांच्या जोरावर. पण भाषेत उद्याची गाणी यायची असतील, तर ती पहिल्यांदा कुठेतरी मोठ्या आवाजात वाजावी लागतात. पांकर्तीची गाणी पहिल्यांदा शाळेच्या एका हॉलमध्ये वाजली होती. तसे हॉल सटाण्यातही आहेत.