चुलीचा धूर आणि अणूचें भय

अन्न शिजविण्यास व दिवा लावण्यास शक्ति कोठून आणावी, ह्या प्रश्नावर आमच्या सुशिक्षित मंडळींत जो वाद चालतो, त्यांतील मौज ही कीं, मरणाऱ्या माणसांची मोजदाद कोणी करीतच नाहीं. माडबनच्या नियोजित अणुवीजकेंद्राचा विषय निघाला कीं १९८६ चें चेर्नोबिल व २०११ चें फुकुशिमा हीं नांवें आलींच. तीं येऊं नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. पण चेर्नोबिल येथें स्फोटानें व किरणोत्सर्गाच्या तीव्र विकारानें पहिल्या कांहीं महिन्यांत सुमारें ३० माणसें दगावलीं. सर्वांत अधिक झळ लागलेल्यांत पुढें कर्करोगानें ४,००० पर्यंत मृत्यु होतील, असा अंदाज २००५ सालीं जाहीर झाला. उलट घरांतल्या धुरानें एकट्या २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें गेलीं, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. ह्या आकड्यावर निषेधसभा भरल्याचें आमच्या तरी ऐकिवांत नाहीं!

कारण उघड आहे. महाड-पोलादपूरकडील कापड्यासारख्या गांवांत आषाढांतलें ओलें लाकूड फुंकणाऱ्या बाईच्या फुफ्फुसांत धुराचे सूक्ष्म कण उतरतात, तेव्हां स्फोट होत नाहीं कीं भोंगा वाजत नाहीं. जुनाट खोकला, दमा, मोतीबिंदु, तान्ह्या मुलाचा न्यूमोनिया. ह्यांना कोण अपघात म्हणतो? वय झालें, हवा बाधली, म्हणजे संपलें.

कोणी म्हणेल, २०१६ पासून उज्ज्वला योजनेनें गॅस खेडोपाडीं गेला कीं! गेला खरा. पण पहिलें सिलिंडर येणें निराळें आणि चूल विझणें निराळें. दुसऱ्या सिलिंडरास रोकड लागते. जळणास केवळ बाईचे श्रम लागतात, आणि त्यांची किंमत आमच्या अर्थशास्त्र्यांनीं शून्य धरलेली आहे.

विजेचीच तुलना करावयाची, तर सारख्याच विजेमागें दगडी कोळसा अणूपेक्षां शेंकडों पट माणसें मारतो, असा संशोधकांचा हिशेब आहे. तरी चंद्रपूरच्या धुराड्यांनीं पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यांतली झोंप उडविलेली नाहीं. जलशक्ति निष्पाप म्हणावी, तर ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जलाशयामुळें झाला असें बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. त्यांत सुमारें १८० माणसें गेलीं.

माडबनच्या शेतकऱ्यास किंवा साखरी-नाट्याच्या मच्छीमारास आम्ही भित्रा म्हणणार नाहीं. जमीन व समुद्र त्यांचा, वीज दुसऱ्याची. त्यांनीं जाब विचारलाच पाहिजे. आमची तक्रार त्यांचें भय उसनें घेऊन गॅसच्या शेगडीवर चहा उकळीत व्याख्यानें झोडणाऱ्यांविषयीं आहे. त्यांनीं पुढील सभेंत पहिला ठराव एवढाच मांडावा: दुसरें, तिसरें, चौथें सिलिंडर कापड्याच्या वरच्या वाडींत तिथल्या मजुरीला परवडेल अशा दरानें पोंचावें, आणि तोंवर प्रत्येक चुलीवर धुराडें बसावें.