मुद्दल शेंड्यात, व्याज झावळीत

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात नंदुरबार, शहादा, नवापूर या गावांच्या बाजारपेठांत पूजेच्या साहित्याची दुकाने लागतात. लाह्या, बत्तासे, पणत्या आणि त्यांच्या शेजारी शिंदीच्या पानांच्या केरसुण्यांचे ढीग. खानदेशात केरसुणीला फडा म्हणतात. अमावास्येला पेढीवर नव्या वह्यांचे पूजन होते, भगवान महावीरांच्या निर्वाणाचे स्मरण होते आणि त्याच संध्याकाळी गावातील अनेक घरांत नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहून लक्ष्मी म्हणून नमस्कार केला जातो. वहीतला जमाखर्च पैशापैशाने जुळवला जातो. केरसुणीचा जमाखर्च मात्र कोणी मांडत नाही. ज्या झाडाची पाने तिच्यात बांधली गेली, त्या झाडाच्या खात्यावर काय शिल्लक राहिले, हा प्रश्न दुकानाच्या उंबरठ्यापर्यंत येतच नाही.

शिंदी हे ताड-माडाच्या कुळातील रानटी खजुराचे झाड. नाल्याकाठी, शेताच्या बांधावर, पडीक ओलसर जागी ते आपोआप वाढते. त्याला कोणी पाणी घालत नाही की खत देत नाही. त्यामुळे ते फुकटचे आहे असा समज होतो. उत्तरेस नर्मदा, मधोमध सातपुडा आणि दक्षिणेकडे तापीचे खोरे अशा या जिल्ह्यात भिल्ल, पावरा, मावची, कोकणा अशा आदिवासी समाजांची वस्ती बहुसंख्य आहे. त्यांच्या घरात शिंदीच्या पानांची चटई, केरसुणी, टोपली आणि छपराचे शाकारणे या नित्याच्या गोष्टी. महाराष्ट्रात इतरत्र केरसुणी बांधण्याचे काम मातंग समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. अनेक कुटुंबांच्या चुलीचा आधार या काटेरी पानावर राहिला आहे.

या झाडाची रचना व्यापाऱ्याने नीट समजून घ्यावी अशी आहे. आंब्याची किंवा कडुनिंबाची फांदी तोडली तर बाजूने नवा फुटवा येतो. शिंदीला फांद्याच नसतात. साऱ्या झाडाला वाढीचा एकच बिंदू असतो आणि तो शेंड्यातील कोवळ्या गाभ्यात दडलेला असतो. तेथून एकेक नवे पान सुळक्यासारखे वर येते, उलगडते, जून होते आणि हळूहळू खालच्या बाजूला सरकते. खालची जून झालेली पाने काढली तर झाड तग धरते. शेंडा छाटला तर संपूर्ण झाड मरते, मग खोड कितीही जाड आणि मुळे कितीही खोल असोत. इतर वृक्षांप्रमाणे त्याचे खोड दरवर्षी नव्या थराने जाड होत नाही. म्हणून खोडावर झालेली जखमही भरून येत नाही, जन्मभर तशीच राहते.

वहीच्या भाषेत सांगायचे तर शेंडा हे मुद्दल आहे आणि खालची जून पाने हे व्याज. मात्र या व्याजालाही मर्यादा आहे. पान हेच झाडाचे अन्न तयार करण्याचे साधन. डोक्यावरचा सारा पर्णसंभार एकाच वेळी उतरवला तर झाड मरत नसले तरी पुढची पाने आखूड येतात, फळ कमी धरते आणि काही वर्षे अशीच गेली तर झाड खचते. यात आणखी एक गोष्ट आहे. शिंदीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. मादी झाडावरचे घोस पिकू दिले नाहीत, किंवा नाल्याकाठची नर झाडे सरसकट तोडली, तर आजचे बन उभे दिसत असले तरी त्याच्याखाली नवे रोप दिसत नाही. ज्या पेढीत वारस नाही तिच्यासारखी त्या बनाची स्थिती होते.

जाणत्या हातांना हा हिशेब ठाऊक होता. रस काढण्यासाठी शेंड्याखालची कोवळी बाजू तासतात. ती एका वर्षी एका अंगाला आणि पुढच्या वर्षी विरुद्ध अंगाला तासली जाते. म्हणून जुन्या शिंदीच्या खोडावर आलटून पालटून खाचा दिसतात. त्या मोजल्या की झाडाचा रस किती हंगाम काढला गेला ते समजते. हंगामातही काही दिवस रस घेऊन काही दिवस झाडाला विसावा देण्याची रीत आहे. घाव खोल गेला की गाभ्याला इजा होते, आणि कोवळ्या वयात रस काढू लागले की झाड लवकर थकते. ताडाचे तसे नसते. तेथे खोडाला हात न लावता फुलोऱ्याचा दांडा कापून रस घेतला जातो.

रस म्हटले की जैन वाचकाच्या मनात ताडी येणार, आणि ते स्वाभाविक आहे. ताजा रस सूर्य वर चढताच आंबू लागतो आणि आंबला की ते मद्यच. या जिल्ह्याला त्याविरुद्धच्या जागृतीचाही इतिहास आहे. तळोदा तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३७-३८ च्या सुमारास हजारो आदिवासींना मद्य सोडण्याची शपथ दिली. परस्परांना ‘आप’ म्हणून नमस्कार करणारा त्यांचा संप्रदाय आजही त्या परिसरात आहे. व्यसन आणि झाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे. पेला दूर सारण्यासाठी झाड तोडावे लागत नाही. उलट पानाला नियमित आणि योग्य भाव मिळाला तर झाडाकडे रसाखेरीज दुसऱ्या नजरेने पाहण्याचे कारण मिळते.

येथे व्यापाऱ्याचा संबंध येतो. पान कसे तोडले जाईल हे पुष्कळदा कोयता धरणारा ठरवत नाही, खरेदीची अट ठरवते. याचे बोधप्रद उदाहरण दूर मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालाच्या पेतेन प्रांतात घडले. तेथील जंगलात ‘शाते’ नावाचा ठेंगणा पाम वाढतो. त्याची पाने अमेरिकेत फुलांच्या सजावटीसाठी आणि ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये भाविकांच्या हाती देण्यासाठी जातात. पूर्वी तोडणाऱ्याला पानांच्या संख्येवर पैसे मिळत. साहजिकच तो लहान, मोठे, डागाळलेले असे दिसेल ते पान तोडी आणि पुढे निवड करताना त्यांपैकी मोठा हिस्सा फेकून दिला जाई. २००५ च्या सुमारास काही चर्चनी निराळी पद्धत स्वीकारली. केवळ निर्दोष पानाचे पैसे द्यावयाचे, निवड आणि बांधणी गावातच करावयाची आणि प्रत्येक पानामागे पाच सेंट अधिक मोजून ती रक्कम त्या गावांना परत पाठवावयाची. वाया जाणारी तोड घटली आणि पाने निवडण्याच्या कामातून गावातील स्त्रियांना मजुरी मिळू लागली. धर्मकार्यासाठी लागणाऱ्या पानाचा भाव धर्माला शोभेल असा असावा, एवढाच विचार त्यामागे होता.

याच्या उलट उदाहरण ब्राझीलचे. तेथील समुद्रकाठच्या जंगलातील ‘जुसारा’ नावाचा पाम शिंदीप्रमाणेच एकखोडी आहे. त्याचा कोवळा गाभा खाण्यासाठी डबाबंद करून विकला जाई. गाभा काढला की झाड संपले. मागणी वाढली, भाव वाढला आणि विपुल असलेला हा पाम दुर्मीळ होऊन संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत जाऊन बसला. तेथे मुद्दलच विकले गेले होते.

जैन घरातील मुलांना यासाठी दूरदेशीच्या कथेची गरज नाही. पाठशाळेच्या भिंतीवर लेश्यावृक्षाचे चित्र त्यांनी पाहिलेले असते. सहा भुकेले पांथस्थ जांभळाच्या झाडापाशी येतात. पहिला म्हणतो, झाड मुळापासून तोडू. दुसरा मोठ्या फांद्या तोडू म्हणतो, तिसरा लहान डहाळ्या, चौथा घोस. पाचवा म्हणतो, पिकलेली फळेच तेवढी तोडू. सहावा म्हणतो, खाली पडली आहेत तीच आपल्याला पुरेशी आहेत. कृष्ण लेश्येपासून शुक्ल लेश्येपर्यंतचा हा प्रवास. भूक सहाही जणांची सारखीच आहे. फरक आहे तो ती शमविण्यासाठी दुसऱ्याला किती इजा करावयाची याचा. दिगंबर मुनींच्या हातातील पिच्छी मोराने आपणहून गाळलेल्या पिसांची असते. जीवरक्षणाचे साधन जीवाला दुखवून मिळवायचे नाही, असा तो दंडक आहे. केरसुणीकडून तेवढी अपेक्षा करता येणार नाही, पण तिला पाचव्या पांथस्थाच्या पंक्तीला निश्चित बसवता येईल.

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘वनकर्म’ आहे. आपण जंगल तोडीत नाही, केवळ माल घेतो, असे म्हणून त्यातून सुटका होत नाही, कारण शास्त्र कृत, कारित आणि अनुमोदित अशा तिन्ही प्रकारांनी कर्म मोजते. भाद्रपदात घाईची मागणी नोंदवून ‘कसेही करून आठवड्यात दोन हजार नग पाठवा’ असा निरोप देणारा व्यापारी स्वतः कोयता उचलत नाही. तरी त्या निरोपानेच कोयता शेंड्याजवळ जातो. शिवाय पावसाळ्याचे दिवस सुगरणीच्या विणीचे. तिची लोंबती घरटी शिंदीच्या झावळ्यांना टांगलेली असतात. झावळी तुटली की त्यांतील पिलेही खाली येतात. चातुर्मासात हिरव्या पालेभाजीचा त्याग करणाऱ्या घराला हे परवडणारे नाही.

यावर उपाय अवघड नाही. दिवाळीचा माल माघ-फाल्गुनातच ठरवावा आणि काही रक्कम आगाऊ द्यावी. कोरड्या दिवसांत काढलेले जून पान उन्हात नीट वाळते, त्याला बुरशी लागत नाही आणि अशी केरसुणी अधिक टिकते. वजनावर सरसकट खरेदी न करता लांब आणि जून पानाला वेगळा भाव द्यावा. आखूड, कोवळे पान नाकारले जाते हे कळले की ते तोडले जाणारही नाही. शेंड्याचा सुळका आणि त्याभोवतीची कोवळी पाने राखावी, एका झाडाचा पर्णसंभार एका वेळी अर्ध्याहून अधिक उतरवू नये, त्याच झाडावर पुन्हा जाण्यापूर्वी ते भरून येऊ द्यावे, मादी झाडावरचे काही घोस पिकू द्यावे, हे नियम सौदा करतानाच बोलून घ्यावे.

सौदा कोणाशी करावयाचा, याचे उत्तर कायद्यानेही दिले आहे. वनहक्क कायदा, २००६ नुसार वनस्पतीजन्य गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा मालकी हक्क परंपरेने ते गोळा करणाऱ्या वननिवासींचा आहे. सामूहिक वनहक्क मान्य झालेल्या गावात जंगलाचे रक्षण आणि व्यवस्थापन ग्रामसभेकडे येते. पूर्वी मधला ठेकेदार गाठला की काम भागे. आता ग्रामसभेशी लेखी व्यवहार करता येतो, आणि पुढच्या वर्षी त्याच बनाकडे पाहावयाचे आहे याची जाणीव ठेकेदारापेक्षा गावाला अधिक असते. केरसुणीमागे दोन-चार रुपये अधिक गेले तर गिऱ्हाइकाला त्याचे कारण सांगता येते. प्लॅस्टिकच्या झाडूशी किमतीची स्पर्धा करून शिंदीची केरसुणी टिकणार नाही. ती घेणाऱ्याच्या आदरावरच टिकली आहे.

यंदाच्या अमावास्येला वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक रेखाटून झाल्यावर शेजारी ठेवलेल्या नव्या केरसुणीकडे एकदा पाहावे. तिची पाने लांब, जून आणि सारखी असतील तर नाल्याकाठचे ते झाड बहुधा अजून उभे असेल आणि त्याच्या शेंड्यातून नवे पान वर येत असेल. पाने आखूड, कोवळी, हिरवट असतील तर पुढच्या माघात कोणाशी आणि कोणत्या अटीवर बोलायचे, त्याची नोंद त्याच वहीत करून ठेवावी.