पाय बरा आहे, मग कशाला जायचं?

परवा माझा एक जुना विद्यार्थी मुलाला घेऊन घरी आला होता. डोंबिवलीत रिक्षा चालवतो. मुलगा सोळा वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या गुडघ्याजवळ हाडाचा कॅन्सर निघाला. केमो झाली, हाडाचा तेवढा भाग काढून धातूचा सांधा बसवला, पाय वाचला.

मी सहज विचारलं, "तपासणीला कधी जायचंय?" दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

"बाई, दोन तारखा चुकल्या. पाय बरा आहे, मग कशाला जायचं?"

वर्गात ओरडायचे तशी ओरडले. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं, मग म्हणाला, "मुंबईला जायचं म्हणजे दिवसभर रिक्षा उभी. याची शाळा बुडते. आणि गर्दीत स्टेशनचे जिने चढताना पोराचा चेहरा बघवत नाही, बाई."

मला माझीच लाज वाटली. "पेशंटच बेफिकीर असतात," असं आपण किती सहज म्हणतो! बेफिकिरी कुणाची, ते बघू.

हा कॅन्सर परत आला तर बहुतेक वेळा फुप्फुसात येतो. तिथली गाठ लहान असेपर्यंत ना दुखतं, ना खोकला येतो. वेळेवर सापडली तर ऑपरेशन करून काढता येते, आणि काही जण त्यातून पूर्ण बरेही होतात. म्हणून छातीचा फोटो काढायचा. पाय बरा असण्याशी त्याचा काही संबंध नाही.

आणि हे आपल्याच इथे तपासून झालंय. परळच्या टाटा हॉस्पिटलने २००६ ते २०१० या काळात हातापायांच्या अशा कॅन्सरचे (हाडांचे आणि मऊ भागांचेही) ५०० पेशंट अभ्यासाला घेतले. २०१४ साली निष्कर्ष छापून आले. पुढच्या तपासण्यांसाठी छातीचा साधा एक्स-रे सीटी स्कॅनच्या तुलनेत कमी पडला नाही. मूळ जागी परत आलेल्या गाठी तर जवळजवळ ९० टक्के वेळा पेशंटना स्वतःलाच कळल्या होत्या.

मग साधा एक्स-रे ठाण्यात, कल्याणात निघत नाही? कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, ही पालिकेचीच रुग्णालयं ना? ठरल्या तारखेला तिथे फोटो काढावा, मुंबईच्या डॉक्टरांनी तो पाहावा, शंका आली तर पेशंटला बोलवावं. गाठ हाताला कशी लागते ते पेशंटला मराठीत नीट शिकवावं. तारीख चुकली तर फोन करावा. मूल तीन दिवस शाळेत आलं नाही तर आम्हीही घरी निरोप धाडायचोच की!

कुणी म्हणेल, सांधा सैल झालाय का, जंतुसंसर्ग आहे का, हे मोठ्या डॉक्टरांनीच बघायला हवं. मान्य. त्यासाठी काही फेऱ्या राहणारच, आणि किती ते त्यांनीच ठरवावं. पण फक्त फोटोसाठी दिवसाची कमाई का बुडवायची?

असो. या मंगळवारी मी त्यांच्याबरोबर जाणार आहे. पुढचा फोटो डोंबिवलीत काढला तर चालेल का, हे मीच विचारणार. उत्तर मिळालं की इथे लिहीनच. तोवर तुमच्या घरात, शेजारात असं कुणी असेल तर एवढंच विचारा, "पुढची तारीख कधी आहे?"