बोलका बोका आणि न ऐकणारं मांजर



मोबाइलमधला तो बोलका बोका मला अजिबात आवडत नाही. एकदा स्पष्टच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला बरं.

हल्ली आमच्या नांदगावात मूल जेवेना, एसटीत किरकिर करू लागलं, स्टेशनवर गाडी लेट झाली की आईबाप खिशातून फोन काढतात आणि 'टॉकिंग टॉम' लावून देतात. वर म्हणतात, "मारामारीचा गेम थोडाच आहे काका, मांजर आहे बिचारं!" अहो, मांजर आहे म्हणूनच तर माझी तक्रार आहे. बंदुकीच्या खेळात निदान बंदूक दिसते, त्यामुळे आईबाप सावध होतात. इथे गोंडस तोंड दिसतं आणि सगळे निर्धास्त होतात.

हा टॉम आला २०१० मध्ये, युरोपातल्या स्लोव्हेनिया नावाच्या चिमुकल्या देशातून. 'आऊटफिट सेव्हन' ही ती कंपनी. आपण बोलायचं की तो चिरक्या आवाजात तेच परत बोलतो. शेपूट ओढा, पोटात बोट खुपसा, डोक्यावर टपल्या मारा. फार मारलं तर धाडकन आडवा होतो आणि लगेच उठून पुन्हा हसतमुख उभा! २०१३ मध्ये 'माय टॉकिंग टॉम' आला. त्यात त्याला भरवायचं, आंघोळ घालायची, झोपवायचं, नाणी जमवून कपडे घ्यायचे. २०१७ मध्ये ही कंपनी चिनी गुंतवणूकदारांनी सुमारे १ अब्ज डॉलरना विकत घेतली. एका बोक्याची एवढी किंमत आपल्या पंचतंत्रातल्या कुठल्याही मांजराला आली नसेल!

आता मला सांगा, यात मांजर कुठे आहे? मांजराची ओळखच मुळी अशी की ते कुणाचं ऐकत नाही. आपल्या म्हणी आठवा. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? शिंक्याचं तुटलं नि मांजराचं फावलं. मांजर डोळे मिटून दूध पितं. प्रत्येक म्हणीत मांजर आपल्या मर्जीचं मालक आहे, आणि माणूस किंवा उंदीर बाजूला हताश उभा आहे. कुत्रा आपला होतो. मांजर फार तर आपल्याकडे राहायला येतं. आपल्याच शब्दांची री ओढणाऱ्या प्राण्याला मराठीत पोपट म्हणतात. पोपटाला मांजराचं कातडं घालून मुलांच्या हातात दिलंय, एवढंच.

यावर लोक म्हणतात, "मुलांना निगा राखायची सवय लागते की." मुळीच नाही. निगा राखणं म्हणजे समोरच्याला काय हवंय ते त्याच्या कलाने ओळखणं. ते त्याने सांगितलेलं नसतं, म्हणून तर ओळखावं लागतं. खऱ्या मांजराने शेपूट फटकारली, कान मागे नेले, की मूल हात आवरायला शिकतं. टॉमला कान आहेत पण नाराजी नाही. चार टपल्या खाऊन तो फुकट हसतो. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, आणि वर्गात मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो "समोरच्यालाही लागतं रे बाळा" एवढंच पटवायला. सहा वर्षांच्या मुलाला नेमकं उलट शिकवणारं खेळणं आपण कौतुकाने त्याच्या हातात द्यावं, याचं मला नवल वाटतं.

"फ्लॅटमध्ये मांजर कसं पाळणार? ओरखडलं तर? घाण केली तर?" हे म्हणणं मला मान्य आहे. प्रत्येकाने मांजर पाळावं असं मी म्हणतच नाही. ओरखडलं तर जखम साबणाने धुऊन डॉक्टरकडे जावं लागतं, तो व्याप आहेच. पण खरं मांजर परवडत नाही म्हणून खोटं मांजर खपवून घ्यावं, हे काही पटत नाही.

आणि मी गेमच्या विरुद्ध आहे असंही समजू नका. १९९६ मध्ये जपानातून 'तामागोची' आलं होतं. अंड्याएवढं खेळणं, पण त्यातल्या प्राण्याकडे दुर्लक्ष केलं तर तो चक्क मरायचा. कठोर होतं, पण प्रामाणिक होतं. जपानचाच २०१४ चा 'नेको आत्सुमे' बघा. अंगणात खाऊ आणि खेळणी ठेवायची आणि वाट बघायची, बस्स! मांजरं मनात येईल तेव्हा येतात, मनात येईल तेव्हा जातात. हाक मारायची सोयच नाही. एक लठ्ठ बोका तर येऊन सगळं अन्न एकटाच फस्त करतो. हे मांजर आम्ही ओळखतो!

२०२२ मध्ये फ्रान्समधल्या एका छोट्या कंपनीने 'स्ट्रे' आणला. पुण्याला नातवाने मला तो दाखवला. आपल्या कळपापासून तुटलेलं एक भटकं मांजर यंत्रमानवांच्या अंधाऱ्या शहरात वाट शोधतं. हाँगकाँगची १९९० च्या दशकात पाडलेली कौलून नावाची दाटीवाटीची वस्ती डोळ्यांसमोर ठेवून ते शहर रचलंय. मांजर माणसासारखं एक शब्द बोलत नाही. सोफा ओरबाडतं, कडेवरच्या वस्तू खाली ढकलतं, वाटेल तिथे मुटकुळं करून झोपतं. खेळणाऱ्यालाच मांजर व्हावं लागतं, त्याच्या उंचीवरून जग बघावं लागतं. माझं म्हणणं एवढंच, की गेम करायचा तर असा करा.

आणि तो आपल्याकडे का होऊ नये? पुण्यातल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'च्या मंडळींनी २०२० मध्ये आपल्या पुराणकथांवर 'राजी' नावाचा गेम करून दाखवलाच ना. मग नांदगाव स्टेशनवरचं एखादं मांजर का नको? मालगाडीच्या डब्याखालची सावली, कांदा चाळीतले उंदीर, किराणा दुकानातली पोती, उन्हाळ्यात टँकरखाली ठिबकणारं पाणी... सगळा मसाला तयार आहे. मराठी तरुणांनो, बघा जमतंय का.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. ते चांगलंच झालं. पण टॉम त्या कायद्यात बसत नाही, बसायचं कारणही नाही. हे काम घरातल्यांचंच आहे.

तेव्हा सुनांनो, जावयांनो, भाचेमंडळींनो, रागावू नका. सुट्टीत पोरं इकडे आली की माझी अट एकच. टॉम बंद. आमच्या गल्लीत तीन मांजरं आहेत. ती बोलत नाहीत आणि बोलावल्यावर येतही नाहीत. पोरांनी ओट्यावर शांत बसून वाट बघावी. एखादं आलंच जवळ, तर कसा हात लावायचा ते मी शिकवीन.

असो. बघा पटतंय का.