लिप्यंतर युनिकोडमध्येच का करावे?

१/ पाली गावातून राजगडाच्या पाली दरवाजाकडे चढताना मनात येते : गडाचे दगड आपल्या बळावर उभे राहिले, शिवकालीन कागदपत्रे मात्र वाचणाऱ्यांमुळे बोलती राहिली. मोडीचे जाणकारच उरले नसते, तर ती असूनही मुकी झाली असती.

२/ मित्रहो, आपल्या संगणकांवर हेच घडत आहे. जुन्या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकार बसवलेले असत. फॉन्ट हरवला की मजकुराची निरर्थक चिन्हे होतात.

३/ युनिकोडने १९९१ मध्ये देवनागरी वर्णांना स्वतंत्र संकेतांक दिले. २०१४ मध्ये मोडीलाही.

४/ छपाईच्या कामात जुने फॉन्ट सोयीचे ठरले, हे मान्य. तरीही माझे मत ठाम आहे : लिप्यंतर युनिकोडमध्येच टंकावे आणि साध्या टेक्स्ट फाइलमध्ये जतन करावे. जुन्या फाइलींचे रूपांतर करावे, पण मूळ फाइल पुसू नये. रूपांतरात जोडाक्षरे बिघडतात, ती मुळाशी ताडून पाहावी लागतात.

५/ पन्नास वर्षांनी एखाद्या अभ्यासकाने ‘पाली’ हा शब्द शोधला, तर आपण केलेले लिप्यंतर त्याला सापडले पाहिजे.