स्वेटरमधली ठिणगी

डिसेंबरची रात्र, होस्टेलची लाईट गेलेली. मी स्वेटर डोक्यातून ओढून काढला आणि अंधारात तडतड करत निळ्या ठिणग्या उडाल्या. शेजारच्या कॉटवरचा फर्स्ट इयरचा पोरगा दचकून उठला. "दादा, काय करायलास?" मी हसलो. सकाळी पँट पायाला चिकटून बसली तेव्हा तो हसला. फिटंफाट!

त्याच आठवड्यात मात्र हसू गेलं. प्रोजेक्टचा मायक्रोकंट्रोलर हातात घेऊन बोर्डवर बसवला, तर तो मेलेला. मेसच्या बिलातून वाचवलेले पैसे पाण्यात! झटका बसला नव्हता, ठिणगीही दिसली नव्हती. सरांनी अंगातल्या पॉलिएस्टरच्या शर्टाकडे बोट दाखवलं. साधारण तीन हजार व्होल्टच्या खालचा झटका माणसाला जाणवतच नाही, पण काही चिप शंभर-दोनशे व्होल्टलाही जातात. म्हणजे आपल्याला कळायच्या आत नुकसान झालेलं असतं.

कारण साधं आहे. दोन कपडे घासून वेगळे झाले की एकाचे इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात. धाग्यात ओल असली तर हा भार वाहून जातो, कोरडा असला तर तिथंच साठून बसतो. 65 टक्के आर्द्रतेच्या हवेत कापूस आपल्या वजनाच्या साधारण 8.5 टक्के पाणी धरतो, पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के! पावसाळ्यात कपडे गुमान असतात आणि मराठवाड्याच्या कोरड्या थंडीत तडतडतात, ते यामुळंच. सूतगिरणीत हवेत मुद्दाम ओलावा सोडतात, तोही यासाठीच. नाहीतर तंतू यंत्राला चिकटतात आणि सूत तुटतं.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की या रोगाला औषध एकच : पाणी. त्यासाठी महागडा स्प्रे लागत नाही. रात्री रूममध्ये ओला टॉवेल वाळत घाला. कपडे उन्हात कडकडीत होईपर्यंत ठेवू नका. कपडा चिकटला तर ओलसर हात फिरवा, किंवा आतून लोखंडी हँगर फिरवा. स्वेटर काढल्यावर खिडकीच्या रंग उडालेल्या गजाला आधी किल्ली टेकवा, मग हात लावा. झटका किल्ली खाईल. आणि लॅबमध्ये चिप हाताळताना सुती शर्ट घाला, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधा. शर्ट सुती आहे म्हणून पट्टा टाळू नका.

आता कुणी म्हणेल, सुती कपडा चुरगळतो, लवकर वाळत नाही, इस्त्रीला पैसे कुठून आणू? खरं आहे. मीही टेरिकॉट सोडलेलं नाही. सगळं सुती घाला असं मी म्हणतच नाही. निदान अंगाला लागणारा कपडा सुती असू द्या. स्वेटरच्या आत सुती शर्ट असला तरी बराच फरक पडतो. करून पहा.

मी भोकरचा. घरी कापूस आहे. नांदेड-44 हे कापसाचं वाण आपल्याच जिल्ह्याच्या नावानं देशभर पेरलं गेलं. संक्रांतीला नवा चकचकीत शर्ट घालून घरी गेलो, तर बापानं बाही चिमटीत धरली आणि विचारलं, "हे कशाचं हाय?" मी म्हणालो, "पॉलिएस्टर. खनिज तेलापासून करतात." तो एवढंच बोलला, "मंग आमी कापूस कोणासाठी पिकवावं?"

याचं उत्तर मला सुचलं नाही. परत येताना मुदखेडला गाडी बदलेपर्यंत तेच डोक्यात होतं. कापसाला भाव कसा मिळेल, हा प्रश्न माझ्या एका शर्टानं सुटणार नाही, हे मलाही कळतं. पण ज्या धाग्यात आपली अडचण सोडवायची ताकद आहे, तो आपल्याच शेतात पिकतो आणि आपणच त्याला जुनाट म्हणतो, याची लाज वाटली.

पुढचा शर्ट घेताना कॉलरच्या आतली चिठ्ठी जरा वाचा. बघा पटतंय का!