विश्लेषण : वाइनच्या बाटलीवरील वर्षाला एवढा भाव का?
फ्रेंच वाइनच्या बाटलीवरचे वर्ष म्हणजे द्राक्षे तोडल्याचे वर्ष. बाटली भरल्याचे नव्हे. बोर्डोत ते फार मोलाचे, कारण अटलांटिकच्या जवळ असलेल्या या भागात हवेचा भरवसा नसतो. २००३ मध्ये उष्णतेची लाट आली. द्राक्षांत साखर वाढली, आंबटपणा घटला. २०१३ थंड आणि पावसाळी गेले, पीकही कमी आले. हा फरक जिभेला कळावा म्हणून एकाच ‘शातो’च्या, म्हणजे द्राक्षमळा असलेल्या वाइनरीच्या, वेगवेगळ्या वर्षांच्या वाइन ओळीने चाखतात. हेच ‘व्हर्टिकल टेस्टिंग’.

खरी गोम किमतीत आहे. तोडणीनंतरच्या वसंतात समीक्षक पिंपातली, अजून तयार न झालेली वाइन चाखून गुण देतात. भाव ठरताना हे गुण पाहिले जातात. ग्राहक तेव्हाच पैसे मोजतो, बाटली मात्र साधारण दोन वर्षांनी हाती येते. परीक्षेआधीच निकाल!

नावाजलेल्या वर्षाची वाइन बरीच वर्षे मुरू द्यावी लागते. साध्या वर्षाची लवकर पिण्याजोगी होते आणि बहुधा स्वस्तही मिळते. बाटली आजच उघडायची असेल, तर चांगल्या शातोची २०१३ ही गाजलेल्या २०१६ पेक्षा शहाणपणाची खरेदी ठरू शकते.